डोळ्याचा रंग



१६ एप्रिल २०२४ रोजी 'डीडी न्यूज' या दूरदर्शनच्या वृत्तवाहिनीने आपल्या बोधचिन्हाचा रंग बदलला. तोवर ते लाल होते, ते भगवे झाले. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागून महिना झाला होता आणि पहिल्या टप्प्याचे मतदान तीन दिवसांवर आले होते. आमची मूल्ये तीच आहेत, रूप तेवढे नवे आहे, असे वाहिनीने समाजमाध्यमांवर जाहीर केले आणि वाद पेटला. प्रसार भारतीचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांनी हे सरळसरळ भगवेकरण असल्याची टीका केली. ते तेव्हा तृणमूल काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, हेही नोंदवायला हवे. निवडणूक आयोगाने हे कसे चालू दिले, असा सवाल ममता बॅनर्जींनी केला. प्रसार भारतीचे प्रमुख गौरव द्विवेदी यांनी उत्तर दिले की हा रंग नारिंगी आहे, डोळ्यांना भावणारा आहे, आणि जी-२० परिषदेच्या आधी 'डीडी इंडिया'चे रूपही याच धर्तीवर पालटले होते. समर्थकांपैकी काहींनी तर असाही दावा केला की दूरदर्शनचे मूळ चिन्ह भगवेच होते. या देशातला छोटा पडदा १९८२ पर्यंत कृष्णधवल होता. त्यामुळे तो मूळ रंग प्रेक्षकांपैकी कोणी पाहिला असेल, हा प्रश्नच आहे. आठवडाभर हे चालले, मग निवडणूक पुढे सरकली आणि विषय मागे पडला.

त्या वादात दोन्ही बाजूंनी एकच प्रश्न धरून ठेवला होता: हा रंग धर्माचा की राष्ट्राचा? एक बाजू म्हणे धर्माचा, म्हणून नको. दुसरी म्हणे राष्ट्राचा, तिरंग्यात तोच सर्वांत वर आहे, म्हणून हवा. आज मला असे मांडायचे आहे की हा प्रश्नच चुकीचा होता. सार्वजनिक वाहिनीच्या चिन्हात धर्म डोकावला म्हणून ते बाटत नाही, आणि राष्ट्र दिसले म्हणून ते निर्दोष ठरत नाही. पाहायचे ते वेगळेच. त्या वाहिनीवरच्या बातम्यांत जे एकमेकांविरुद्ध उभे आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याला त्या चिन्हावर हात ठेवून 'हे आमचे' म्हणता येते का? आणि ते चिन्ह कोणी, केव्हा, कोणाला विचारून बदलले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल आणि दुसऱ्याचे उत्तर चारचौघांत सांगता येण्याजोगे असेल, तर चिन्हात देऊळ आहे की डोंगर, याने फारसे बिघडत नाही. हे म्हणणे दोन्ही बाजूंना गैरसोयीचे आहे याची मला कल्पना आहे.

आधी मूळ चिन्हाकडे पाहू. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले ते आकाशवाणीच्या पदराखाली. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन वेगळे झाले आणि त्याला स्वतःच्या ओळखीची गरज पडली. ती ओळख आली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून. तिथला विद्यार्थी देवाशीष भट्टाचार्य याने मधे एक वर्तुळ आणि त्याला दोन बाजूंनी कवेत घेणारे दोन वळसे काढले. तो झाला डोळा. त्याला सूर दिला पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी. पन्नाशीच्या पुढच्या प्रेक्षकाला ते चलच्चित्र तोंडपाठ असते: काळ्या पडद्यावर ते वळसे फिरत फिरत येतात, एकाचे अनेक होतात, अनेकांचे पुन्हा एक होतात, शहनाईचा सूर लांबत जातो, शेवटी डोळा स्थिर होतो आणि त्याच्याखाली 'सत्यं शिवं सुंदरम्' ही अक्षरे उमटतात. या संपूर्ण रचनेत अशोकस्तंभ नाही, चक्र नाही, तिरंगा नाही, कमळ नाही, मोर नाही. सरकारी मालकीच्या आणि सरकारी तालावर चालणाऱ्या संस्थेने, तेही आणीबाणीच्या दिवसांत, आपल्या कपाळी राष्ट्रचिन्ह लावले नाही, ही लहान गोष्ट नव्हे. त्या काळातल्या दूरदर्शनच्या बातम्या निःपक्षपाती होत्या असे कोणी म्हणणार नाही. चिन्ह चांगले असले म्हणजे संस्था चांगली होते असे नसते. पण चिन्ह चांगले असले की संस्थेला तिच्या वागण्याबद्दल जाब विचारता येतो: तुझ्या दारावर डोळा आहे, मग तू डोळेझाक का करतेस?

ब्रीदवाक्यात 'शिवं' आहे. ते संस्कृतात आहे. मग दूरदर्शन पहिल्यापासून हिंदूच नव्हते का, हा प्रश्न विचारला गेला आहे आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. आकाशवाणीचे 'बहुजनहिताय बहुजनसुखाय' हे बौद्ध परंपरेतून आलेले, आणि ब्रिटनच्या बीबीसीचे ब्रीद बायबलमधल्या एका वचनाच्या वळणावर बेतलेले. म्हणजे या तिन्ही जुन्या प्रसारणसंस्थांनी आपले ब्रीद धर्मग्रंथांच्या शेजारूनच उचललेले आहे. कारण उघड आहे. सर्वांना भावेल असे गंभीर काही बोलायचे झाले की माणसाच्या हाताशी पहिल्यांदा येते ती धर्माची भाषा. ती उचलल्याने बिघडले नाही, कारण ती भाषा घेऊन मतदारसंघात कोणी उभे नव्हते.

आकाशवाणीच्या सुरावटीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पहाटे केंद्र सुरू होताना वाजणारी ती धून शिवरंजनी रागावर आधारलेली आहे आणि तिचे श्रेय दिले जाते वॉल्टर काउफमन यांना. हा मध्य युरोपातला ज्यू संगीतकार. तिकडे नाझींचे सावट वाढू लागले तेव्हा तो १९३४ मध्ये मुंबईला आला आणि पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. देशोधडीला लागलेल्या एका ज्यूने हिंदुस्थानी रागात बांधलेली धून कोट्यवधी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध घरांत रोज पहाटे वाजली आणि ती कोणाची, असे कोणी विचारले नाही. राष्ट्रीय चिन्हाची ताकद असते ती इथे. त्यात राष्ट्राचे नाव घ्यावे लागत नाही.

दूरदर्शनच्या प्रादेशिक वाहिन्यांची नावेही मला या दृष्टीने फार मोलाची वाटतात. आपली 'सह्याद्री', गुजरातची 'गिरनार', आंध्रची 'सप्तगिरी', तेलंगणाची 'यादगिरी', आणि २०२४ च्या जानेवारीत 'डीडी तमिळ' असे सपाट नाव मिळेपर्यंत तमिळनाडूची 'पोदिगै'. सगळे डोंगर, आणि जवळपास सगळे देवांचे डोंगर. सप्तगिरी म्हणजे तिरुमलाच्या सात टेकड्या, म्हणजे वेंकटेश. यादगिरी म्हटले की यादगिरीगुट्ट्याचा नरसिंह आठवणार. पोदिगैवर अगस्त्यांचा वास, अशी तमिळ श्रद्धा. गिरनारवर नेमिनाथांची मंदिरे आहेत, अंबामाता आहे, आणि दत्तशिखराच्या पायऱ्या चढायला महाराष्ट्रातून माणसांची रीघ लागलेली असते. म्हणजे धर्म चिन्हात नको हा नियम काटेकोरपणे लावायचा तर यांतली बहुतेक नावे पुसावी लागतील. ती पुसावीत असे मला वाटत नाही. हे डोंगर देवांचे आहेत तसेच पावसाचे, नद्यांचे, गुराख्यांचे आणि भाषेचेही आहेत. त्या प्रदेशात राहणाऱ्या नास्तिकालाही ते क्षितिजावर दिसतात. सप्तगिरी या नावाने कोणत्या पक्षाचे एक मत वाढले असेल? चिन्हात धर्म असणे आणि चिन्हात पक्षकार असणे यांतला फरक इथे स्वच्छ दिसतो.

यावर एक खरा आक्षेप आहे, आणि तो अल्पसंख्याकांच्या बाजूने येतो. बहुसंख्याकांचा धर्म नेहमी 'संस्कृती' म्हणून आत येतो आणि इतरांचा धर्म 'धर्म' म्हणून दारात अडवला जातो. डोंगरांची नावे निवडताना एखाद्या दर्ग्याची टेकडी कोणाच्या मनात का आली नाही? हा आक्षेप टाळता येत नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे दूर, आयर्लंडला जाऊ. एका धर्माचे एवढे निर्विवाद बहुमत आणि एवढी स्पष्ट धार्मिक वाहिनी-मुद्रा असा दुसरा दाखला लोकशाही देशांत सहज सापडत नाही.

आयर्लंडची दूरचित्रवाणी ३१ डिसेंबर १९६१ च्या रात्री सुरू झाली. देशात कॅथलिकांचे प्रमाण तेव्हा नव्वद टक्क्यांच्या वर होते. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा बोलले आणि या नव्या साधनाची आपल्याला जरा भीतीच वाटते, असे त्यांनी सांगून टाकले. अणुशक्तीसारखे हेही भले करील किंवा वाटोळे करील, असा त्यांचा सूर होता. वाहिनीचे चिन्ह होते संत ब्रिजिडचा क्रूस. हा लाकडी क्रूस नव्हे. १ फेब्रुवारीच्या सणाला आयरिश घरांत पाणथळीतले लव्हाळे आणून, मधे चौकोन विणत, चार बाजूंना चार हात काढून तो बनवतात आणि आगीपासून घराचे रक्षण व्हावे म्हणून दारावर लावतात. ब्रिजिड ही संत, पण याच नावाची देवी ख्रिस्ती धर्माच्या आधीही तिथे पुजली जात होती. म्हणजे धर्म, लोकाचार आणि राष्ट्रीय वेगळेपण असे सगळेच त्या चार हातांत विणलेले. तो क्रूस तीस वर्षांहून अधिक काळ वाहिनीच्या ओळखीत राहिला आणि १९९५ मध्ये नवे चिन्ह आले तेव्हा गेला.

त्याहून चिवट ठरली घंटा. आयरिश नभोवाणीवर १५ ऑगस्ट १९५० पासून, आणि मग दूरचित्रवाणीवर, संध्याकाळी सहाला 'एंजेलस'ची घंटा वाजते: तीन ठोके, थोडी विश्रांती, पुन्हा तीन, पुन्हा तीन, आणि शेवटी नऊ. मेरीला देवदूताने दिलेल्या निरोपाची ही प्रार्थना. तिच्यामुळे देशाचे संध्याकाळचे मुख्य बातमीपत्र आजही सहाला लागत नाही, सहा वाजून एक मिनिटाने लागते, आणि त्याचे नावही त्या वेळेवरूनच पडले आहे. तिथल्या राज्यघटनेतले कॅथलिक चर्चचे विशेष स्थान १९७२ च्या सार्वमताने गेले. घंटा राहिली. मात्र घंटेबरोबरची चित्रे बदलत गेली. पूर्वी मेरीची धार्मिक चित्रे दिसत. २००९ नंतर त्या मिनिटात कामात असलेली, क्षणभर थांबलेली साधी माणसे दिसू लागली. ज्याला प्रार्थना करायची त्याने करावी, ज्याला नुसते थांबायचे त्याने थांबावे.

आयर्लंडने प्रश्न सोडवला असे मी म्हणत नाही. घंटा बंद करा, अशी मागणी तिथे अधूनमधून होतच असते. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळे. तिथे धर्मचिन्ह ज्या काळी बसवले गेले, त्या काळी ते जवळपास संपूर्ण समाजाचे होते. समाज बदलला तसे ते हळूहळू सैल होत गेले. आणि ही वाटचाल एकाच दिशेने झाली, विशेषाकडून सामान्याकडे. बहुसंख्याकांचा वारसा चिन्हात असू शकतो, पण काळाबरोबर तो अधिकाधिक लोकांना सामावून घेत गेला पाहिजे, हे अल्पसंख्याकांच्या त्या आक्षेपाला मला दिसणारे उत्तर आहे. 'डीडी न्यूज'चे पाऊल याच्या बरोबर उलट दिशेचे होते. जो डोळा कोणाचाच नव्हता, तो अलगद कोणाचा तरी झाला.

आता महाराष्ट्रातल्या श्रोत्याच्या मनात जो आक्षेप कधीचा उभा आहे, त्याकडे येतो. भगवा कोणा एका पक्षाच्या मालकीचा कधी झाला? वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका भगवी. शिवरायांचा झेंडा भगवा. संन्याशाची छाटी भगवी. तिरंग्याच्या माथ्यावर केशरी. एका पक्षाने तो वापरला म्हणून बाकीच्यांनी सोडून द्यायचा की काय? हा आक्षेप मनापासूनचा आहे आणि त्याचा पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. भगव्याचा इतिहास पक्षांहून कितीतरी मोठा आहे. म्हणूनच तिरंग्यात तो कसा आला हे नीट पाहायला हवे. १९३१ च्या कराची अधिवेशनाच्या वेळी काँग्रेसने झेंड्यासाठी सात जणांची समिती नेमली. पट्टाभि सीतारामय्या, वल्लभभाई पटेल, जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद आणि मास्टर तारासिंग यांच्याबरोबर तीत काका कालेलकर आणि सेवा दलाचे ना. सु. हर्डीकरही होते. या समितीने शिफारस केली ती संपूर्ण केशरी झेंड्याची, कोपऱ्यात चरखा असलेल्या. ज्या समितीत मौलाना आझाद आहेत, ती एकरंगी केशरी झेंडा सुचवते, यावरून त्या रंगाची तेव्हाची व्यापकता कळते. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक झाली आणि तिने ही शिफारस बाजूला ठेवून केशरी, पांढरा आणि हिरवा असा तिरंगा स्वीकारला. रंग जमातींचे नव्हेत, गुणांचे आहेत, हेही ठरावात स्पष्ट केले. पुढे २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत नेहरूंनी ध्वजाचा ठराव मांडला, तिथे चरख्याच्या जागी अशोकचक्र आले, आणि राधाकृष्णन यांनी केशरीचा अर्थ त्याग असा लावला.

म्हणजे राष्ट्राच्या वतीने केशरीला जागा मिळाली ती तीन अटींवर: तो एकटा असणार नाही, त्याचा अर्थ सर्वांसमोर सांगितला जाईल, आणि निर्णय चर्चेतून, ठरावातून होईल. 'डीडी न्यूज'च्या भगव्याने या तिन्ही अटी मोडल्या. तो एकटा आहे. त्याचा अर्थ काय, याचे अधिकृत उत्तर 'डोळ्यांना बरा दिसतो' एवढेच. आणि निर्णयाआधीची चर्चा कोणी ऐकलेली नाही. तिरंग्याचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा.

शिवाय रंगांच्या राजकारणात महाराष्ट्राने तरी भोळेपणाचा आव आणू नये. नाक्यावरच्या पताकांचे रंग बघून वस्ती कोणाची ते ओळखणारी आपण माणसे. निळा दिसला की भीमनगर, हिरवा दिसला की मोहल्ला, भगवा दिसला की शाखा. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचा पहिला झेंडा निळा, पांढरा, भगवा आणि हिरवा असा अनेकरंगी होता. २३ जानेवारी २०२० रोजी पक्षाने तो बदलून भगवा केला आणि त्यावर शिवमुद्रा घेतली. तेव्हा हा केवळ सौंदर्यदृष्टीचा बदल आहे असे ना पक्षाने म्हटले, ना विरोधकांनी. पक्षाची दिशा बदलली, असा सरळ अर्थ सर्वांनी घेतला आणि तो बरोबरच होता. राजमुद्रा पक्षाच्या झेंड्यावर घ्यावी का, यावर वादही झाला. जो रंग झेंड्यावर चढला की राजकीय घोषणा ठरतो, तोच वृत्तवाहिनीच्या चिन्हावर चढला की नुसती सजावट कसा ठरेल? उद्या 'सह्याद्री'चे चिन्ह कोणी निवडणुकीच्या तोंडावर भगवे केले, तर भारतीय जनता पक्ष, दोन्ही शिवसेना आणि मनसे यांच्यापैकी कोणाला ते आपले वाटेल, यावरच आधी भांडण होईल.

कायद्याचा आक्षेप असा की निवडणूक आयोग पक्षाला चिन्ह देतो, रंग देत नाही. मग रंगावर बंधन कसले? याचे उत्तर आंध्र प्रदेशात आधीच मिळून गेले आहे. तिथल्या वायएसआर काँग्रेसच्या सरकारने राज्यभरातल्या ग्रामपंचायतींच्या इमारतींना आपल्या झेंड्याचे निळा, हिरवा आणि पांढरा हे रंग फासले. मार्च २०२० मध्ये उच्च न्यायालयाने ते पुसायला सांगितले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हात हलवत परत आले. मग नवी युक्ती निघाली. त्याच तीन रंगांना विटकरी रंगाचा चौथा पट्टा जोडला आणि शासन निर्णयात अर्थ लिहिला: हिरवा शेतीचा, निळा मत्स्यशेतीचा, पांढरा दुधाचा, विटकरी मातीचा. उच्च न्यायालयाने तोही निर्णय रद्द केला आणि जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. हिरवा रंग शेतीचा नाही असे कोण म्हणेल? पण सार्वजनिक भिंतीवर तो तिथे शेतीसाठी आला नव्हता, हे न्यायालयाला कळायला अडचण पडली नाही. याला समांतर उदाहरण उत्तर प्रदेशातले. जानेवारी २०१२ मध्ये निवडणूक आयोगाने मायावतींच्या स्मारकांतले दगडी हत्ती मतदान होईपर्यंत झाकायला लावले. हत्ती गणपतीचाही आहे, बुद्धाच्या जन्मकथेतलाही आहे, आणि २०१० मध्येच केंद्राने त्याला राष्ट्रीय वारसा प्राणी म्हटले होते. तरीही तो झाकला गेला, कारण तो त्यांच्या पक्षाचे चिन्ह म्हणून मतपत्रिकेवर होता. आणि भगव्यावर टीका करणाऱ्या ममता बॅनर्जींच्या राज्यात कोलकात्याचे कठडे नि पूल निळ्या-पांढऱ्यात कसे रंगले, हेही विसरायचे कारण नाही. हा रोग एका पक्षाचा नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा चिन्हाचे काय घेऊन बसलात? १९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झाले तेव्हा रस्ते ओस पडत. त्या मालिकेचा परिणाम एखाद्या रंगाहून हजारपट मोठा होता. २०१४ च्या विजयादशमीला सरसंघचालकांचे भाषण दूरदर्शनने थेट दाखवले, तो तर सरळ मजकुराचा प्रश्न होता. मजकुरावर बोला, चिन्ह सोडा. मला हे पटत नाही. कार्यक्रम कितीही प्रभावी असो, त्याला वेळ असते, सुरुवात असते, शेवट असतो. तो आवडला नाही तर बंद करता येतो. त्याच्या जोडीला दुसरा कार्यक्रम मागता येतो. त्या भाषणाबद्दल 'ती बातमी होती' असा बचाव करता येतो आणि त्या बचावाला 'मग इतरांची भाषणेही दाखवा' असे उत्तर देता येते. चिन्हाला प्रतिवाद करता येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात ते चोवीस तास असते: पुराच्या बातमीवर, संसदेतल्या गोंधळावर, विरोधी नेत्याच्या मुलाखतीवर, मतमोजणीच्या आकड्यांवर. कार्यक्रम म्हणजे वाहिनीचे बोलणे, चिन्ह म्हणजे तिची सही. आणि दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकाला १९९५ च्या कायद्याने बंधनकारक आहे. कोणत्याही खाजगी वाहिनीला हा मान नाही. तिने आपले चिन्ह कोणत्याही रंगात बुडवावे, तिचा मालक आणि तिचा प्रेक्षक बघून घेतील.

सार्वजनिक वाहिनीवर आणखी एक जबाबदारी असते, आणि इथे हा मुद्दा मला सर्वांत जास्त टोचतो. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना दूरदर्शन आणि आकाशवाणीवर प्रचाराच्या भाषणांसाठी वेळ मिळतो. म्हणजे त्या दिवसांत दूरदर्शन हे सामन्यातले पंच असते. पक्षांनी भाषणाची संहिता आधी द्यायची आणि ती मार्गदर्शक तत्त्वांनुसार तपासली जायची, असा रिवाज आहे. ज्या निवडणुकीत चिन्हाचा रंग बदलला, त्याच निवडणुकीत, मे २०२४ मध्ये, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांना त्यांच्या भाषणांतले काही शब्द काढायला सांगण्यात आले. सरकारवर सांप्रदायिक हुकूमशाहीचा ठपका ठेवणारा शब्दप्रयोग गेला. एका भाषणातला 'मुसलमान' हा शब्दही गेला. नियमानुसारच केले, इतर पक्षांच्या नेत्यांच्या संहिताही दुरुस्त केल्या, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते. ते खरे धरून चालू. मग जी संस्था दुसऱ्याच्या तोंडातल्या एकेका शब्दाचा मतदारावर काय परिणाम होईल हे तोलून पाहते, तिला स्वतःच्या कपाळावरच्या रंगाचा परिणाम तोलता आला नाही? शब्द इतके जड आणि रंग इतका हलका कसा?

प्रसार भारतीचा कायदा सप्टेंबर १९९० मध्ये झाला आणि सात वर्षे धूळ खाऊन १९९७ मध्ये अमलात आला. मधल्या काळात, फेब्रुवारी १९९५ मध्ये, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने सांगितले की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यावरचे नियंत्रण सार्वजनिक यंत्रणेकडे असावे. सरकारी नव्हे, सार्वजनिक. कायद्याचे बारावे कलम प्रसार भारतीचे कर्तव्य सांगते: लोकहिताच्या सर्व विषयांवर नागरिकांना मोकळी, खरी आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळावी, परस्परविरोधी मतेही त्यांच्यापर्यंत पोचावीत, आणि हे करताना संस्थेने स्वतःच्या कोणत्याही मताचा वा विचारप्रणालीचा पुरस्कार करू नये. याच कलमात देशाची एकता आणि अखंडता जपण्याचेही कर्तव्य आहे, आणि चिन्हाचे समर्थक त्याकडे बोट दाखवू शकतात. पण संसदेने ही दोन्ही कर्तव्ये एका कलमात ठेवली, याचा अर्थ त्यांच्यात तिला विरोध दिसला नाही. एकतेसाठी एका विचाराचा झेंडा घ्या, असे कलम सांगत नाही.

त्याच कायद्यात चिन्हासारख्या निर्णयांवर लक्ष ठेवू शकतील अशा दोन यंत्रणा होत्या. तेराव्या कलमात बावीस खासदारांची समिती, लोकसभेतून पंधरा आणि राज्यसभेतून सात, सर्व पक्षांना प्रमाणात जागा मिळेल अशी. चौदाव्या कलमात प्रेक्षक-श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद. दोन्ही कागदावरच राहिल्या. काँग्रेसच्या, भाजपच्या, आघाड्यांच्या, सगळ्यांच्याच सरकारांना ते सोयीचे वाटले. म्हणून २०२४ च्या एप्रिलमध्ये ज्यांना रंग खटकला त्यांना समाजमाध्यमांखेरीज दाद मागायला जागा नव्हती, आणि ज्यांनी तो बदलला त्यांना कोणापुढे कारण मांडायची गरज नव्हती. माझी मागणी रंग परत लाल करा अशी नाही. लाल तरी कुठे बिनपक्षाचा आहे? वाहिनीचे नाव, चिन्ह, रंग किंवा ब्रीद बदलायचे तर तो प्रस्ताव आधी त्या बावीस जणांपुढे आणि त्या परिषदेपुढे जावा, तिथे कारण लिहून द्यावे लागावे, लोकांना हरकत घ्यायला महिना-दोन महिने मिळावेत, आणि आचारसंहितेच्या काळात असा बदल मुळीच होऊ नये, एवढीच आहे. यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. आहे त्या कायद्यातली दोन कलमे जागी करावी लागतात.

ही मागणी आजच्या सत्ताधाऱ्यांना गैरसोयीची वाटेल, पण तिचा फायदा पुढेमागे त्यांनाच अधिक व्हायचा आहे. सत्ता कायमची कोणाची नसते. उद्या येणारे सरकार 'डीडी न्यूज'चा डोळा तिरंगी पट्ट्यांत रंगवील, परवाचे निळ्यात, आणि प्रत्येकाच्या हातात राष्ट्र, परंपरा किंवा संस्कृतीतला एखादा दाखला तयारच असेल. तसे घडले तर २०२४ चे उदाहरण त्यांच्या कामी येईल.